अंग इथे, मन भलतीकडे: ‘हं हं’ करणाऱ्या बाबाच्या पत्राला उत्तर

पत्र जरा मोठं होतं, मुद्द्यापुरतं देते:

“ताई, वय ३६. गेले काही महिने माइंडफुलनेस (श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष आणायचा सराव) करतोय. अ‍ॅप घेतलंय, रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो, पण त्यातली नऊ मिनिटं मन भलतीकडेच असतं. एखादा दिवस चुकला की अ‍ॅपवरची स्ट्रीक (सलग दिवसांची मोजणी) तुटते आणि मग दिवसभर चिडचिड. परवा माझी सात वर्षांची मुलगी मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती, मी हं हं करत होतो, ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, मी आत्ता काय म्हणाले सांग.’ मला एक शब्द सांगता आला नाही. मी तेव्हा मनात एका मेलचं उत्तर लिहीत होतो. ती काही न बोलता आत निघून गेली. तेव्हापासून जेवताना, अंघोळ करताना, चालताना स्वतःला सारखा बजावतोय की ‘इथे राहा, इथे राहा’, आणि त्यानेच जीव थकून जातोय. मला हे जमणारच नाही का? दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का? बायको म्हणते, तू डोळे मिटून बसतोस तेवढीच काय ती घरात शांतता. – अर्धा इथे, अर्धा तिथे”

वयाने तू माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून सरळ अरे-तुरेच करते, रागावू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे तुझं मन भटकतं याचं इतकं वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांचंच भटकतं. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी, २०१० मध्ये एक अभ्यास छापला होता. लोकांच्या फोनवर दिवसभरात मधूनच केव्हाही विचारणा यायची की आत्ता काय करताय, मन त्यात आहे का दुसरीकडे, आणि वाटतंय कसं. २,२५० मोठ्या माणसांची उत्तरं त्यात होती आणि जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच. म्हणजे जागेपणीचा निम्मा वेळ अख्खी दुनिया ‘अर्धा इथे अर्धा तिथे’ आहे, तू एकटा नाहीस. शरीरसंबंध सोडले तर कुठल्याच कामात हा आकडा ३० टक्क्यांच्या खाली आला नाही (आणि तशा वेळी फोनला उत्तर देत बसणारी माणसं कोण होती हा प्रश्न मला तरी आजही पडतो, असो).

त्या अभ्यासातली मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. मन भटकलेलं असताना लोक कमी खूश होते, हे तर झालंच, पण मन छान-छान गोष्टींकडे गेलेलं असतानाही ते हातातलं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खूश नव्हते. आपण मनातल्या मनात मांडे खातो ना, सुट्टीचे, प्रमोशनचे, त्यानेसुद्धा पदरात फारसं काही पडत नाही. आणि चिंतेकडे गेलं मन तर सरळ तोटाच.

बरं, मन असं का करतं, तर मेंदूची ठेवणच तशी आहे. हाताला काम नसलं की मेंदू बंद पडत नाही, उलट त्यातले काही भाग तेव्हाच जास्त चालायला लागतात. २००१ मध्ये मार्कस रेकल या शास्त्रज्ञाच्या टीमने त्याला ‘डीफॉल्ट मोड’ असं नाव दिलं. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, तो माझ्याबद्दल काय म्हणाला असेल, मी तेव्हा असं बोलायला हवं होतं, हा सगळा कारभार बराचसा तिथला. म्हणून तू डोळे मिटलेस की हे सगळं वर येणारच, त्यात तुझं काही चुकत नाहीये.

आता तू म्हणतोस दहातली नऊ मिनिटं वाया जातात, इथे तुझा हिशेबच उलटा झालाय. मन गेलं, मग तुला कळलं की गेलं, मग तू ते श्वासाकडे आणलंस, परत गेलं, परत कळलं, परत आणलंस. या सगळ्यात सराव कुठला म्हणशील तर ते ‘कळणं’ आणि ते ‘आणणं’. मन गेलंच नाही तर सराव कसला करणार? पण तू काय करतोस, मन गेलेलं कळलं की लगेच स्वतःला झापतोस, ‘बघ, परत गेलं, तुला काही जमत नाही’, आणि हे झापणं हाही विचारच की रे. म्हणजे तू एकदा मेलकडे गेलास आणि तिथून परत यायच्या ऐवजी स्वतःच्या खटल्याकडे निघालास. त्यापेक्षा नुसतं ‘हां, मेल’ म्हणायचं आणि परत यायचं. आवाजात राग नको, शाबासकी पण नको.

अ‍ॅपच्या स्ट्रीकबद्दल माझं मत अगदी वाईट आहे हे आधीच सांगते. तुला शांत बसता यावं म्हणून घेतलेली वस्तू तुला दिवसभर चिडचिड देत असेल तर ती वस्तू कामाची नाही. स्ट्रीक मोजते काय, तर तू बटण दाबलंस की नाही. तुझ्या मुलीचं बोलणं तुझ्या कानात शिरलं की नाही हे त्या अ‍ॅपला कळायचं कसं? सेटिंगमध्ये जाऊन ते मोजमाप आणि ती आठवण करून देणारी नोटिफिकेशन्स बंद करता आली तर कर, नाही झाली तर अ‍ॅपच काढ आणि साधा टायमर लाव, तेवढ्याने भागतं.

आणि हे दहा मिनिटांचं प्रकरण आलं कुठून तेही जरा बघ. आज जे माइंडफुलनेस म्हणून सगळीकडे चालतं त्याचं मूळ बौद्ध साधनेत आहे, फार जुनं, पण दवाखान्यात त्याचा कोर्स बनवून आणला तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये. तिथे येणारे बरेचसे लोक असे होते की ज्यांचं दुखणं औषधांनी पूर्ण जात नव्हतं. कोर्स आठ आठवड्यांचा, दर आठवड्याला शिक्षकासमोर दोन-अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तासाच्या आसपास सराव, आणि मध्ये एक अख्खा दिवस. त्याची आता झालीय दहा मिनिटं, हेडफोन लावून, ऑफिसला निघायच्या गडबडीत, आणि फळ मात्र आपल्याला त्या आठ आठवड्यांचं पाहिजे. मी तुला पाऊण तास बस म्हणत नाहीये, तुझ्या घरात ते शक्यही दिसत नाही. एवढंच म्हणतेय की दहा मिनिटांकडून दहा मिनिटांएवढीच अपेक्षा ठेव.

पण त्याच कोर्समधली एक गोष्ट तुझ्या फार उपयोगाची आहे आणि तिला वेगळा वेळ लागत नाही. तिथे पहिल्याच वर्गात एक मनुका हातात देतात. नुसती बघायची, बोटांत फिरवायची, सुरकुत्या चाचपायच्या, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायची, न चावता, आणि मग कधीतरी चावायची. ऐकायला येडेपणा वाटतो, पण त्यामागचा मुद्दा हा की रोजची कामंच सरावाला घ्यायची. तू मात्र ते सगळ्या कामांना एकदम लावलंस, जेवण, अंघोळ, चालणं, आणि वर स्वतःच्या डोक्यावर दिवसभर पहारा. असं तर कोणीही थकेल. पहारा आधी उठव. दिवसातलं एकच काम निवड, छोटं, हाताने करायचं, ज्यात फोन धरताच येत नाही असं.

माझा सल्ला भांडी. हसू नकोस, यावर चक्क अभ्यास झालाय. २०१५ मध्ये छापलेला, कॉलेजच्या ५१ मुलामुलींवर केलेला. सगळ्यांना भांडी घासायला दिली, अर्ध्या लोकांना आधी एक उतारा वाचायला दिला की घासताना घासण्याकडेच लक्ष द्या, साबणाचा वास, पाण्याची ऊब, भांड्याचा स्पर्श वगैरे, आणि बाकीच्यांना नुसती भांडी घासायची पद्धत वाचायला दिली. पहिल्या गटाने स्वतःच सांगितलेली अस्वस्थता २७ टक्क्यांनी कमी झाली, मन उभारी धरण्याचं माप २५ टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्या गटात असं काही दिसलं नाही. आता ५१ म्हणजे मूठभर लोक, तेही एकाच वेळचं, त्यामुळे यावरून भांड्यांनी आयुष्य बदलतं असं कोणी छातीठोक सांगायला लागलं तर तिथून उठ. पण काम तेच, वेळ तोच, पाणी तेच, आणि फरक पडला तो लक्ष कुठे होतं त्याने, एवढं तरी त्यातून दिसतं.

तर रात्रीची भांडी, सगळी नको, पहिले दोन-तीन ग्लास. नळ सोडलास की गरम पाणी यायच्या आधी थोडं गार येतं, ते बोटांना लागू दे. ग्लासात हात घातलास की अंगठा तळाला पोचत नाही, स्क्रबर वाकडा करावा लागतो, ते बघ. साबण निघाला की काचेवर बोट करकरतं, त्याच्या आधी नुसतं घसरत असतं, हा जो बदल होतो ना तो नेमका पकडता येतो का बघ. दुसऱ्या ग्लासाला तू सोमवारच्या मीटिंगमध्ये पोचलेला असशील. कळलं की ‘हां, मीटिंग’, आणि परत पाण्यात. नाहीच कळलं आणि थेट शेवटच्या ताटाला जाग आली तर तेही चालेल, तेव्हा जाग आली ना? मग तिथून पुढे. आणि बायकोच्या त्या टोमण्याला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

आता मेलकडे येते, कारण माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथे आहे, ध्यानात नाही. अर्धवट राहिलेलं काम डोक्यातून जात नाही, भुंग्यासारखं गुणगुणत राहतं. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्येच दाखवलं होतं की लोकांना पुरी झालेली कामं विसरायला होतात आणि मध्येच तोडलेली जास्त लक्षात राहतात. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली, ती मला फार आवडते. ज्यांची कामं अर्धवट होती त्यांना वाचायला बसवलं की ती कामं मध्ये-मध्ये डोकावायची आणि लक्ष उडायचं, पण ज्यांनी त्या कामाचा नेमका बेत लिहून काढला, कधी करणार, कसं करणार, त्यांचं डोकावणं जवळजवळ थांबलं. काम पुरं झालेलं नव्हतं हां, नुसतं लिहून झालं होतं. मेंदूला बहुतेक एवढंच हवं असतं की कोणीतरी याची नोंद घेतलीय.

म्हणून ऑफिसमधून निघताना, किंवा घरून काम असेल तर लॅपटॉप मिटायच्या आधी, कागदावर लिही. ‘मेलला उत्तर द्यायचं आहे’ असं मोघम लिहून उपयोग नाही. ‘उद्या साडेनऊला, आधी जुनी आकडेवारी उघडायची, मग तारीख पुढे ढकलायची विनंती करायची’ असं लिही. पाच-सात ओळी होतील. सुरुवातीला वाटेल की हे लिहायला वेळ कुठे आहे, पण तू ते मेल घरी येऊन मनात चार वेळा लिहितोस, तो वेळ कुठून येतो? आणि संध्याकाळी परत तोच विचार आलाच तर त्याला सांगता येतं की बाबा तू लिहिला गेलायस, उद्या साडेनऊ.

एक कडू पण बोलून टाकते. तुझ्या ऑफिसला रात्री नऊलाही उत्तर हवं असेल, तर तुझ्या श्वासात दोष नाही. दुपारी कर्मचाऱ्यांना ध्यानाचं सेशन द्यायचं आणि त्याच रात्री दहाला ‘अर्जंट’ लिहून मेल टाकायचा, असल्या जागी माइंडफुलनेस म्हणजे नुसती मलमपट्टी. तिथे बोलायला लागतं, साहेबाशी, स्पष्ट, की अमुक वाजल्यानंतरचं उत्तर सकाळी मिळेल. सगळ्यांना ते बोलता येत नाही, नोकरीचा प्रश्न असतो, मला माहितीये. पण मग दोष निदान योग्य ठिकाणी तरी ठेव, स्वतःवर ओढून घेऊ नकोस.

आता मुलगी. तिच्याकडे जा आणि सांग की परवा तू मैत्रिणीचं सांगत होतीस तेव्हा माझं लक्ष नव्हतं, चुकलं माझं, आता सांगशील का. ती कदाचित म्हणेल ‘आता काही नाही, आमची झाली बट्टी’. म्हणू दे. मागे लागू नकोस, चॉकलेट आणून भरपाई पण करू नकोस. सात वर्षांच्या मुलांना तोंडदेखलं ‘हं’ आणि खरं ‘हं’ यातला फरक नेमका कळतो, म्हणूनच तर तिने परीक्षा घेतली.

पुढच्या वेळी ती बोलायला आली आणि तू खरंच कामात असलास तर सरळ सांग, मला हे पाच मिनिटांत संपवू दे, मग मीच तुझ्याकडे येतो. आणि मग जा. हे ‘मग जा’ सगळ्यात अवघड असतं, तिथेच बहुतेक बाप (आणि आया पण) घसरतात. ऐकायला बसलास की फोन दुसऱ्या खोलीत, पालथा वगैरे घालून नाही, दुसऱ्या खोलीत. टक लावून तिच्याकडे बघत बसायची गरज नाही, मुलांना ते अवघडल्यासारखं होतं, ती चित्र काढत असेल तर तूही शेजारी काहीतरी रंगव. लगेच उपाय सांगू नकोस, ‘मग ती काय म्हणाली?’ एवढंच विचार, त्या एका प्रश्नाने तू आपोआप तिथे राहतोस, कारण पुढचा प्रश्न विचारायचा तर आधीचं उत्तर ऐकावंच लागतं. आणि मध्ये मन गेलंच, जाईलच, तर नाटक करू नकोस. ‘थांब, माझं लक्ष गेलं, ती वही ओढली तिथून परत सांग.’ पहिल्यांदा ती डोळे मोठे करेल, पण खोट्या ‘हं’पेक्षा हे तिला कितीतरी बरं वाटेल.

आणि सगळा वेळ हजर राहायचा अट्टहास सोड. रस्त्याने चालताना मन कुठेतरी गेलं, काहीतरी सुचलं, जुनं काही आठवून हसू आलं, तर जाऊ दे की. भटकण्यातूनच माणसाला पुष्कळ काही सुचतं. आपल्याला पकडायचंय ते एवढंच की तू गेलायस हे तुला माहितीये का आणि तिथे तेव्हा जायला तुझी हरकत नव्हती ना. मुलगी बोलत असताना हरकत आहे, बसस्टॉपवर नाही.

बसस्टॉपवर मात्र एक गंमत करून बघ, फोन न काढता उभा राहा. अस्वस्थ होशील. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं स्वतःच्या विचारांबरोबर बसवलं होतं, सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. आधी याच लोकांनी सांगितलं होतं की हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो स्वतःला दिलाच. तेव्हा रिकामं उभं राहून दोन मिनिटांत तुझा हात खिशाकडे गेला तर तेही माणसासारखंच आहे, फक्त गेला हे बघ.

शिबिराचं विचारलंयस. दहा दिवसांची जी निवासी विपश्यना शिबिरं असतात त्यात पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, फोन जमा, जवळजवळ सगळे दिवस मौन, असा कार्यक्रम असतो. पहिल्यांदा बसणारेही जातात, कित्येकांना त्याचा खूप फायदा होतो, मी नाही म्हणत नाही. पण तुझी आत्ताची अवस्था बघता तू तिथे शांत व्हायला जाणार नाहीस, पास व्हायला जाशील. आणि परत आलास की तेच मेल आणि तेच घर.

फायद्याचं म्हणशील तर २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि साडेतीन हजार लोक एकत्र धरून एक मोठा आढावा झाला होता, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम उपयोग दिसला, पण व्यायाम किंवा औषधं यांच्यापेक्षा ते सरस आहे असं काही निघालं नाही. म्हणजे उपयोगी, पण जादू नाही. तुला रोज पळायला जायला आवडत असेल तर ते बंद करून डोळे मिटायची गरज नाही.

आणि काही जणांना डोळे मिटून बसल्यावर उलट जास्त धडधडतं, जुनं काहीतरी भसकन वर येतं. तुझ्याबाबतीत तसं झालं तर रेटू नकोस, डोळे उघड, पाय जमिनीला टेकव, आजूबाजूला बघ, उठ. ‘थकून जातोय’ असं तू लिहिलंयस, ते नुसतं पहाऱ्याचं थकणं असेल तर पहारा उठवल्यावर दोन-तीन आठवड्यांत हलकं वाटायला हवं. नाही वाटलं, किंवा झोप उडालीय, भूक गेलीय, कशातच राम वाटत नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखव. शिबिराच्या फॉर्मवरही मानसिक तब्येतीबद्दल विचारतात, तिथे खरं तेच लिहायचं असतं.

हे सगळं वाचूनही पुढेमागे जावंसं वाटलं तर जरूर जा. फक्त साहेबाकडे रजेचा अर्ज टाकायच्या आधी बायकोला विचार, कारण तू दहा दिवस मौनात बसशील तेव्हा मैत्रिणीची सगळी भांडणं तिला एकटीला ऐकायची आहेत.

– ताई